घर नंबर सातचा अंधार

२१ मे, बुधवार. संध्याकाळी ७.१०

मेणबत्तीच्या उजेडात लिहितो आहे. दुपारी साडेचारला वादळ आलं. आमच्या शिक्षक कॉलनीने असलं वादळ कधी पाहिलं नव्हतं. समोरच्या प्रभाकररावांची पाण्याची काळी टाकी उडून आमच्या फाटकापाशी आली. भरलेली असती तर उडाली नसती, हे त्यांना सांगितलं. आमचे तीन बनियन आणि इंदिरेची (पत्नी) एक साडी अजून सापडलेली नाही. कोपऱ्यावरचा खांब वाकलाय. लाइट गेली.

आई (वय ८४) म्हणाली, असं वारा-वावधन म्या आष्टीले एकडाव पाह्यलं होतं. मग देवासमोर जाऊन बसली. बाकी घर घाबरलेलं. मी नाही. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यात 'विद्युत प्रवाह' हा धडा म्हणजे माझा हातखंडा.

लाइट जाताच मेन स्विच बंद केला. चिनीमातीचे दोन्ही फ्यूज काढून घेतले. लाइट एकदम जोरात आली तर फ्रिज-टीव्ही उडायला नको. ईरा (नात, वय ७) कशालाही हात लावते, म्हणून फ्यूज अशा ठिकाणी ठेवले, जिथे या घरात कोणाचा हात जात नाही. आई पलंगावरून बघत होती, पण तिला त्यातलं काय कळणार. मेनच्या कपाटाला कुलूप. चावी करदोड्याला.

संकल्प: लाइट येईपर्यंत घराचं नेतृत्व मी करणार.

सूतकताई: आज नाही (वादळ).

२२ मे, गुरुवार. सकाळी ११

लाइट नाही. कूलर नाही, मोटार नाही. उकाडा असा की भिंतीला पाठ टेकवत नाही.

सकाळी सगळ्यांची बैठक घेतली. नियम: आंघोळ एका बादलीत. मोबाइल फक्त कामापुरता. तक्रार कोणी करायची नाही. निशांत (चिरंजीव, सेवाग्रामच्या दवाखान्यात लॅबमध्ये) म्हणाला, बाबा, मागच्या वर्षीच इन्व्हर्टर घेऊन टाकतो म्हटलं होतं. त्याला सांगितलं, इन्व्हर्टर म्हणजे अंधारापुढे पत्करलेली शरणागती. आमचे आजोबा बेचाळीस साली आष्टीला चार दिवस बंदिवासात होते, त्यांना कुठे पंखा होता? सगळे उठून गेले. पटलं असावं.

फ्रिजमधला आमरस खराब होण्याआधी संपवणं गरजेचं होतं. कर्तव्य म्हणून चार वाट्या.

सूतकताई: आज नाही (पोट). जानेवारीपासून रोज अर्धा तास सूत कातायचा नेम आहे. निवृत्तीच्या दिवशी सेवाग्रामहून पेटी चरखा आणला होता. नेम अजून सुरू व्हायचाय, पण मनाची तयारी पूर्ण आहे.

२३ मे, शुक्रवार. संध्याकाळी ७.३०

पावणेसातला गल्लीत एकच ओरडा झाला. आली, आली. प्रभाकररावांकडे लागली. पाठोपाठ बाजूला, मागे, सगळीकडे. आमच्याकडे नाही.

मी दोन मिनिटांत निदान केलं: हे सगळे इन्व्हर्टर आहेत. ईरा म्हणाली, आजोबा, रस्त्यावरचा दिवापण लागला. लहान मुलांना रस्त्याच्या दिव्याचं वायरिंग कळत नाही.

इंदिरा म्हणाली, अहो, मेन पाहून घ्या नं एकदा. या वाक्याचा मला राग आला. एकतीस वर्षं मेन काय असतो ते शिकवणाऱ्या माणसाला विचारायची ही गोष्ट? मेन मी स्वतः पाहिलेला आहे असं तिला ठणकावून सांगितलं. (बुधवारी.)

याचा अर्थ सरळ आहे. सबंध कॉलनीत एकच घर वगळलंय, आणि ते सरळमार्गी माणसाचं आहे. मार्चमध्ये बिलावरच्या मराठीतल्या चुका दाखवणारं दोन पानी पत्र मी वीज ऑफिसला पाठवलं होतं. त्याचा हा सूड. मी झुकणार नाही.

आईने विचारलं, मधू, आनखी किती दिवस रे? मी म्हटलं, न्याय मिळेपर्यंत. तिने मान हलवली. बरं, म्हणाली. घरात मला समजून घेणारं एकच माणूस आहे.

सूतकताई: नाही (संताप).

२४ मे, शनिवार

वीज ऑफिसला लेखी अर्ज दिला. साडेतीन पानं. बिलाच्या चुका परत जोडल्या.

दुपारी लाइनमन नागेश आला. माझाच विद्यार्थी. खांबावर चढला, उतरला, मीटर पाहिलं. म्हणाला, सर, लाइन तं तुमच्या मीटरपर्यंत येऊन राह्यली. आतलंच काई असन. कपाट खोला, दोन मिनिटाचं काम हाय.

आतलं! म्हणजे दोष माझाच. मी त्याला आठवण करून दिली की 'विद्युत प्रवाह'मध्ये त्याला चाळीसपैकी अकरा होते. तो हसला. व्हय सर, ध्यानात हाय, म्हणाला. मग त्याला स्पष्ट सांगितलं: लेखी खुलासा मिळाल्याशिवाय कुलूप उघडणार नाही. त्याने वहीत काहीतरी लिहून माझी सही घेतली. सही केल्यावर वाचलं. 'ग्राहकाने घर दाखविले नाही.' शुद्धलेखन मात्र बरोबर होतं. माझी शिकवण.

निशांतने कुलूप तोडायची भाषा केली. मी कपाटासमोर खुर्ची टाकून बसलो. जेवणही तिथेच. पोळी घामाने ओली.

सूतकताई: नाही (पहारा).

२५ मे, रविवार

निशांत, सूनबाई वेदश्री आणि ईरा सेवाग्रामला त्याच्या मित्राच्या क्वार्टरवर गेले. ईराच्या अंगावर घामोळ्या उठल्या होत्या. जाताना तिने मला तिचा पट्ट्यांचा हातपंखा दिला. म्हणाली, आजोबा, हट्ट संपला की फोन करा. मुलीला असले शब्द कोण शिकवतं?

इंदिरा सकाळी दहाला चटणी वाटायला समोर प्रभाकररावांच्या विमलाबाईंकडे गेली. मिक्सर पाच मिनिटं चालतो. ती तीनला परतली. तिचे हात गार होते.

२६ मे, सोमवार. दुपारी १२.१५

इंदिरा बॅग घेऊन समोर गेली. भांडण नाही, रडणं नाही. फक्त म्हणाली, मी लग्न मास्तरासोबत केलं होतं, या कुलपासोबत नाई. दोन्ही वेळचा डबा पाठवते म्हणाली. आईला हाताला धरून नेत होती. आई पलंगाची कड सोडेना. म्हणाली, मधू चालन तं मी चालीन.

थोड्या वेळाने प्रभाकरराव स्वतः आले. रस्त्यावरून वायर टाकून देतो म्हणाले, एक पंखा आणि एक बल्ब, आजीपुरता. बोलणं गोड होतं, पण त्या वायरवर माझी मान लटकलेली मला स्वच्छ दिसत होती. नम्रपणे नकार दिला. टाकीचा विषय परत काढला. ते गेले.

आता घरात आम्ही दोघंच. आईला ओला पंचा डोक्यावर ठेवायला दिला. तिला आजोबांच्या बंदिवासाबद्दल सांगत बसलो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, थोडं पाणी दे.

सूतकताई: नाही. (आज कारण लिहायचा कंटाळा.)

२७ मे, मंगळवार. संध्याकाळी ५

दुपारी दीड वाजता आईला घेरी आली. मोरीकडे जाताना भिंत धरून खाली बसली. चेहरा पांढरा. मी साखर-मिठाचं पाणी केलं, अर्धं तिच्या लुगड्यावर सांडलं. पंधरा मिनिटांनी बोलली. म्हणाली, घाबरू नको, मी हाय.

मला भीती वाटली. इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे सांगणार नाही. ती गेली असती तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही.

तिला म्हटलं, आई, तू समोर जा, मी तुला सोडून येतो. ती म्हणाली, तुयं संपलं का? मी म्हटलं, माझा लढा अजून चालू आहे. मंग मी नाई जात, म्हणाली.

म्हणजे लढाच लवकर संपवला पाहिजे. आईसाठी. कुलूप उघडणं हा एक मार्ग झाला, पण तो भ्याडाचा. दुसरा मार्ग याच जिल्ह्याने देशाला दाखवलेला आहे. उद्या सकाळी दहा वाजता वीज ऑफिससमोर सत्याग्रह. मौन, सूतकताई आणि मागणीपत्र. वार्ताहराला फोन केला, जानेवारीपासूनचा रोजचा नेमही सांगितला. तो म्हणाला, बातमी कमी आहेत, येतो. 'बातम्या' असं सुधारून दिलं.

चरखा कपाटावरून खाली काढला. उघडला नाही, जनतेसमोरच उघडणार. थोडा जड लागला. उपासाने हात गळाले असतील (डबा उशिरा आला).

२८ मे, बुधवार. संध्याकाळी ६

लिहिणं भाग आहे.

दहाला ऑटोने पोहोचलो. आई सोबत. हट्टच धरला तिने. तिला ऑफिसमध्ये बाकावर बसवलं, तिथे पंखा होता. मी बाहेर कडुनिंबाखाली सतरंजी टाकली. बिल भरायला आलेले दहा-बारा लोक जमले. नागेश होता. उपअभियंता मॅडम बाहेर आल्या, नमस्कार केला, माझा साडेतीन पानी अर्ज त्यांच्या हातात होता. वार्ताहराने मोबाइल वर धरला. इंदिरा आणि प्रभाकरराव स्कूटरवरून येताना दिसले. मनात म्हटलं, बघा आता.

चरख्याची पेटी मांडीवर घेतली. डोळे मिटले. उघडली.

कातायचे कापसाचे पेळू नव्हते. कोळ्याचं जाळं होतं. जाळ्यात दोन चिनीमातीचे पांढरे फ्यूज.

वार्ताहराचा मोबाइल वरच होता. मी मौनात होतो, त्यामुळे मला बोलायची सोय नव्हती. शेवटी नागेश खाली वाकला. अगदी हळू, परीक्षेत उत्तर सांगतात तसं म्हणाला, सर, हे तं तुमच्या मेनचे फ्यूज हायेत.

तो हसला नाही, हे लिहून ठेवलं पाहिजे. बाकीचे हसले. मॅडमनी अर्जावर 'निकाली' असं लिहिलं. वार्ताहराने विचारलं, सर, जानेवारीपासून रोज कातता म्हणाले होते नं?

नागेश घरी आला. चावी दिली. कपाट उघडून फ्यूज बसवायला त्याला दोन मिनिटं लागली, तो म्हणाला होता तेवढीच. मेन वर करताच टीव्ही, कूलर आणि सगळ्या खोल्यांतले पंखे एकदम सुरू झाले. आठ दिवस बटणं चालूच होती.

२९ मे, गुरुवार. सकाळी ९

सगळे परत आले. ईरा कूलरसमोर तोंड उघडं करून आ-आ करते आहे. प्रभाकररावांकडून सकाळी पोहे आले. टाकीबद्दल, फ्यूजबद्दल एक शब्द नाही. एखादा टोमणा मारला असता तर पोहे गोड लागले असते.

रोजनिशीचं २१ तारखेचं पान वाचलं. सगळं लिहिलेलं आहे. अक्षर माझंच. यापुढे रोजनिशी लिहायची आणि वाचायचीही. (एक गोष्ट मात्र नमूद करतो: फ्रिज आणि टीव्ही सुरक्षित आहेत.)

इंदिरेला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, मले नका म्हणू, आईंना म्हणा.

आई कूलरसमोर पलंगावर पडली होती. तिच्या पायाशी जाऊन बसलो. म्हणालो, आई, चुकलो. तुला काही झालं असतं तर. तिने माझा हात धरला. म्हणाली, अरे, म्या पाह्यलं होतं तुले पेटीत ठेवताना.

मी म्हटलं, मग बोलली काऊन नाई? (माझ्या तोंडातून लहानपणीची बोली निघाली.)

म्हणाली, मले वाटलं तुयं काई व्रत असन. एकटा बसशीन अंधारात, म्हटलं सोबत करावं.

मी तिचे पाय चेपत बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, आजोबा असते तर काय म्हणाले असते?

आई डोळे मिटून होती. म्हणाली, काय म्हनन तो. तुयी आजी सांगे मले. बेचाळीसमंदी गावात गडबड झाली, तसा धान्याच्या खोलीत जाऊन बसला बुढा. चार दिवस. कडी आतूनच होती.

मग ती झोपली. मी कूलरची जाळी तिच्याकडे वळवली.

सूतकताई: अर्धा तास.