राजीखुशीने

ता. ९, सोमवार

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार, बाळाला पापा. हे पत्र पोस्टात टाकत नाही. सुईणमावशी तुमच्या बाजूला बाळंतपणाला निघाली आहे, तिच्या हाती देते. तिच्यासमोरच वाच आणि चुलीत घाल.

आईचा खोकला जात नाही, पण बोलणं कमी झालेलं नाही, म्हणजे बरीच म्हणायची. गाय व्यायली. बाबा कामाला जातात.

कुठे, ते लिहायचं मी टाळत होते. आपल्याच शेतात, रोजाने.

जमीन कसणाऱ्याची झाली, हे तू ऐकलंच असशील. पिढ्यान्‌पिढ्या सगळं गाव मालकांच्या घराण्याचं. कायदा झाला त्या दिवशी बाबा पहिल्यांदा त्यांच्या दारावरून मान वर करून गेले. आणि कचेरीतल्या जमिनीच्या चौकशीच्या दिवशी साहेबांना म्हणाले, "मला जमीन नको. राजीखुशीने परत देतोय."

"कोणी दम दिला का?"

"नाही."

खरंच दिला नव्हता. आदल्या दिवशी मालक स्वतः आपल्या दारात आले. आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाले, "थोरलीला सासर चांगलं मिळालं. आमच्याकडे कामाला होती तेव्हाचं त्यांना काही ठाऊक नाही ना? आमच्या चिरंजीवांनीही कधी कुठे विषय काढला नाही."

दुसऱ्या दिवशी बाबांनी कचेरीत कागदावर अंगठा उठवला. तुला एवढ्या घाईने का उजवलं, ते मला तेव्हा कळलं. ताई, आज मी आहे त्याहूनही तू तेव्हा लहान होतीस. तुझा दोष कधीच नव्हता.

तुला कळवायचं नाही, अशी आईने शपथ घातली होती. पण काल मालकांचा मुनीम आला. "धाकटीला कामाला पाठवा म्हणतात." बाबा खाली बघत राहिले. आई म्हणाली, "तिला ताप आहे."

हा ताप किती दिवस पुरणार?

मी गुपचूप कचेरीत जाऊन विचारलं. महिन्याच्या आत बाबांनी खरं सांगितलं तर तो कागद रद्द होतो. बाबा जाणार नाहीत. म्हणतात, "जमीन गेली तर जाऊ दे, तिचं घर राहू दे."

भावजींना तूच सांगितलंस, तर मालकांच्या हातात काही उरत नाही. तुझ्या हातात काय उरेल, ते मला माहीत नाही. भावजी तुला जपतात, असं तू लिहितेस. कितपत, ते तुलाच ठाऊक. मी विचारते आहे, हट्ट करत नाही.

नाहीच जमलं तर मावशीजवळ "सगळं ठीक" एवढाच निरोप दे. मी समजून घेईन. तुझ्यावर रागावणार नाही.

तुझी,
अजून तरी घरातच असलेली
धाकटी