बाबांचं कोपर

वेंडेल,

चार वर्षांनी भावाला लिहायला बसले आहे, आणि तुझंच खरं होतं हे कबूल करावं लागतंय.

बाबांचा अठ्ठावन्न सालचा ट्रक मी जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला नेला. पोचे काढून, दारं घासून नवा लाल रंग दिला होता. आयोवातली निम्मी जुनी ट्रकवाली मंडळी भोवती जमली. बाबांबरोबर माल वाहिलेले म्हातारे ऑर्विल मात्र ड्रायव्हरच्या दाराशीच थांबले. खिडकीच्या कडेवरून बोटं फिरवत म्हणाले, "गाडी नवरीसारखी सजवलीस पोरी. पण एमेटचं कोपर कुठं गेलं?"

तीस वर्षं बाबांनी कोपर टेकून टेकून तिथला रंग उडाला होता, पत्रा चकाकायचा. ती जागा मी खराब समजून रंगवून टाकली. तू बजावलं होतंस, रंगाला हात लावू नकोस. मला वाटलं, ट्रक माझ्या वाट्याला आला म्हणून जळतोयस. तसं तोंडावर बोललेही.

परतताना मी तिथंच कोपर टेकवलं. नव्या रंगावरून ते सारखं घसरत होतं.

हे पत्र पाठवायचा धीर होत नाही. ट्रकच्या कप्प्यात, बाबांच्या हातमोज्यांखाली ठेवते आहे. कधी चालवायला बसलास तर सापडेल.

लोर्ना