तळ्यापलीकडून दिसणारा दिवा

९ नोव्हेंबर
अकरा दिवस वहीला हात लावला नाही. कारणं होती, पण ती लिहीत बसलो तर आजचं राहून जाईल. ॲरिझोनाहून निघालो तेव्हा मिनियापोलिसला तीन दिवस थांबणार होतो. ऑगस्टपासून जॉइसबाईच्या सायकल दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. आज पहिलं खरं काम मिळालं.

आर्विड लुंडीन, वय चौऱ्याहत्तर. सायकलचा पुढचा दिवा घेऊन आला. वीस वर्षं जुना, तीन एलईडींचा. एक मेलाय, दोन मिणमिणतात. त्याच्या बायकोचं नाव मारीत. ती तळ्यापलीकडच्या वृद्धाश्रमात असते. माणसं ओळखत नाही, पण संध्याकाळी तळ्याकाठून हा दिवा येताना दिसला की ‘आर्विड निघाला’ म्हणते आणि जेवायला बसते. नाही दिसला तर ताट तसंच. हल्ली दिसत नाही. आर्विड म्हणाला, उजेड तेवढा वाढव, बाकी काही नको. म्हटलं, दोन दिवसांत देतो.

१२ नोव्हेंबर
दिवा उघडला. स्क्रू सूपच्या कपात ठेवले. एलईडी मागवण्याआधी नीट अभ्यास करायचं ठरवलं. वाचता वाचता घरी तंबू शिवण्याचं एक पान लागलं. तेही उपयोगाचंच.

१९ नोव्हेंबर
आर्विड आला. दुकानातला उसना दिवा लावून जातो, पण तो पाहून मारीत पडदा ओढते. फदुमा नावाची नर्स चार चमचे सूप भरवते, तेवढंच पोटात जातं. जाताना म्हणाला, काही घाई नाही हं. माणूस समजूतदार. तंबूचं कापड आणलं.

२४ नोव्हेंबर
दिवा तयार. जुना उजेड निळसर होता, आजारी माणसाच्या ओठांसारखा. मी उबदार पिवळे एलईडी बसवले. तिप्पट उजेड. जॉइसबाईनं विचारलं, रंग बदलायला कुणी सांगितलं होतं तुला? म्हटलं, बाई, याला अपग्रेड म्हणतात. आर्विडनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, हे वेगळंच झालंय. शिवाय बटाट्याची हॉटडिश, म्हणजे इथला ओव्हनमध्ये भाजलेला घरगुती पदार्थ, ठेवून गेला. एवढं कौतुक मला आजवर कुणी केलं नव्हतं.

२५ नोव्हेंबर
जॉइसबाई म्हणाली, अरे येड्या, इथली माणसं ‘वेगळंच आहे’ म्हणाली की समजावं, आवडलेलं नाही. आणि ‘घाई नाही’ म्हणाली की कालच हवं होतं. म्हटलं, मग हे आधी सांगायचं ना. म्हणे, शहाण्याला कोण सांगणार.

काल दिवा अख्ख्या तळ्याकाठानं गेला. मारीत खिडकीतच उभी होती. फदुमाला म्हणाली, कुणाची तरी मोटार आली. आणि आर्विडची वाट बघत राहिली. तो तोवर येऊन तिच्या शेजारीच उभा होता. जेवली नाही.

२ डिसेंबर
निळसर एलईडी मागवलेत. बर्फ पडला, दक्षिणेला जाणं राहिलं. मी काही पळ काढत नव्हतो, नुसती बॅग भरून पाहिली. फदुमा सांगत होती, मारीतचा स्वेटर तिला दुसऱ्या कुणाचा वाटावा इतका सैल झालाय. खिडकीशीही जात नाही आता. मी जास्त खोलात विचार केला नाही. पार्ट्स आले की सगळं ठीक होणार.

६ डिसेंबर, दुपारी एक
बसवले. अगदी तोच रंग. एलईडीखाली लावायच्या पेस्टची ट्यूब उघडी राहून वाळली होती. पण पेस्ट म्हणजे फक्त उष्णता ओढून घ्यायला, आणि बाहेर उणे पंधरा. त्या थंडीत पेस्ट कशाला? आर्विडच्या फोनवर निरोप ठेवला, झालाय, केव्हाही या. दिवा टेबलावर चालूच ठेवला. बघत बसावंसं वाटत होतं. आयुष्यात एक काम पुरं केलं.

दुपारी तीन
कॉफी करायला गेलो. तिथे बँजो होता, तो वाजवत बसलो. परत आलो तर खोलीत जळका वास. खोलीत हीटर लावलेला, वारा नाही, हे लक्षात यायला हवं होतं. तिन्ही गेले.

आर्विडला फोन करायला हवा. आधी नवे पार्ट्स मागवतो, मग करतो. म्हणजे सांगायला काहीतरी चांगलं असेल.

चार वाजता
पार्ट्स मागवले नाहीत. फोनही केला नाही. बाहेर वृद्धाश्रमाची व्हॅन थांबलीय. जॉइसबाई दारातून हळूच सांगून गेली, ती खिडकीशी जात नाही ना, म्हणून तिलाच दिव्यापाशी आणलंय. फदुमा तिची चाकांची खुर्ची आत ढकलतेय. आर्विड वाकून सांगतोय, आता बघ हं. मारीत आलीय.