खोटा खटका

१४ मार्च, दुपार

चि. छकुलीस,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. आईचा खोकला थांबला, पाठीची जखम सुकत आली आहे. दिवसा तिला सांभाळायला येणाऱ्या मावशी वेळेवर येतात. जावईबापूंचा गुडघा आता कसा आहे?

मुख्य बातमी म्हणजे स्पीकर पूर्ण झाले. या वेळी पेटीच केली नाही. आमच्या खोलीचं दोन फळ्यांचं दार उतरवलं, आई अर्धांगानं पडल्यापासून ते बंद होतंच कुठे! प्रत्येक फळीत ताटाएवढं भोक पाडून स्पीकर बसवला, मागची बाजू उघडीच ठेवली आणि टेकू देऊन फळ्या उभ्या केल्या. कडी अजून तशीच लोंबते आहे. आईला बोलता येत असतं तर म्हणाली असती, "घरात एक दार धड ठेवू नका." पण आवाज काय सांगू तुला? गाणारी बाई थेट पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभी राहते.

हे सगळं आईच्या कानांनी जुळवलं, असं मी तुला फोनवर रंगवून सांगत होतो. आवाजाचा पोत बदलणारे दोन कपॅसिटर जोडायचे, मध्ये एक खटका. खटका वर केला की पहिला, खाली केला की दुसरा. पहिला आवडला तर तिनं एक बोट उचलायचं, दुसरा आवडला तर दोन. डाव्या हाताची तेवढी बोटं हलतात. ती बहुतेक दुसराच निवडायची. मग मी पहिला काढून आणखी नवा आणायचो. मावशी म्हणायच्या, "काका, झोपू द्या हो त्यांना जरा." मी म्हणायचो, "तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती ती. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायची. चेष्टा नव्हे!"

आमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातली एक खोडी तुला माहीत नसेल. गिऱ्हाईक फारच चोखंदळ निघालं की मी नुसता खोटा खटका दाबायचो, आत काहीही बदलायचो नाही, आणि विचारायचो, "आता?" दहातले नऊ जण म्हणायचे, "वा, आता कसं मोकळं वाटतंय!" एकदा आईवर हाच प्रयोग केला. तिनं क्षणभर ऐकलं आणि म्हणाली, "काही बदललेलं नाही. मला बनवता होय?" सबंध दुकान हसलं. मला पकडणारी ती एकटीच.

काल सकाळी मला तीच लहर आली. रागावेल, निदान कपाळाला आठी घालेल, एवढीच आशा होती. नुसता खटका दाबला. तिनं दोन बोटं उचलली. परत दाबला, परत दोन. मग मी ॲम्प्लिफायर बंदच केला. खोलीत काहीच वाजत नव्हतं. विचारलं, "पहिला की दुसरा?"

दोन बोटं.

गाणं का थांबलं म्हणून मावशी आत आल्या. त्यांनी मला धरून खुर्चीवर बसवलं.

आता जे फोनवर माझ्या तोंडून निघणार नाही, ते लिहितो. जानेवारीत तू यायला निघाली होतीस, तिकीटही काढलं होतंस. मी आईला विचारलं, "छकुलीला बोलवू? हो असेल तर एक बोट, नको असेल तर दोन." तिनं दोन उचलली. मी तुला कळवलं, आई नको म्हणते. तू तिकीट रद्द केलंस. तुझ्या लग्नाच्या वेळचा राग तिच्या मनातून गेलेला नाही, असं तू धरून चाललीस, आणि मी तुला तसं धरू दिलं.

कपॅसिटरसाठी मी तिला पाच-पाचदा विचारायचो. तुझ्याबद्दल एकदाच विचारलं. तू आलीस तर तिला तुझ्याकडे घेऊन जाशील, ही माझी धास्ती. ती दोन बोटं माझ्या पथ्यावर पडली. मला फार लाज वाटते आहे, बाळ.

डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. सांगून ते तरी काय करणार? मला काही सुचत नाही. आत्ताही गाणं चालू आहे आणि आई छताकडे बघते आहे. तिला ते ऐकू येतं का, कळतं का, मला माहीत नाही. तुझ्यावर तिचा राग होता की नव्हता, हेही आता कुणाला विचारायचं?

स्पीकर लावून ठेवतो, तुला आवडत नसतील तर बंद करू. तिला न्यायचं असेल तर ने. पण ये. या वेळी मी तिला विचारलेलं नाही.

तुझा,
बाबा