सहा वाजेपर्यंतची जागा

नाना, आज तुम्ही हवे होतात. डोकं फुटायची वेळ आली आहे. तुमची नात बारावी झाली. इथल्याच मिलच्या भागातल्या, पांडेसऱ्याजवळच्या एका खासगी कॉलेजने तिला टेक्सटाइल इंजिनिअरिंगची जागा देऊ केली आहे. आज सहापर्यंत हो म्हणा, नाहीतर दुसऱ्याला देऊ, असा सकाळी फोन आला. पोरीला हवं आहे इलेक्ट्रिकल, तेही भावनगरच्या सरकारी कॉलेजात. तिथली यादी पुढच्या आठवड्यात लागेल आणि हिचे मार्क अगदी काठावरचे. इथली जागा सोडली आणि तिथली मिळाली नाही, तर वर्ष गेलंच म्हणा. सकाळपासून ती जेवलेली नाही. दर पाच मिनिटांनी "मम्मी, बोल ने!" मी काय बोलू, कपाळ माझं!

तुमचे जावई मिलमधून फोनवर मशिनांच्या आवाजात ओरडतात, "सासऱ्याने जिथे रंगात हात घातले, तिथे पोरगी एसी केबिनमध्ये बसेल. अजून काय पाहिजे?" त्यांचं चूक नाही. पण मला ती मिलच नको आहे. लहानपणी मी एकदा तुमचा डबा घेऊन आले होते. आत एवढी वाफ, की तुम्ही दिसतच नाही. मी एका ओल्या साडीला बोट लावते आणि तुम्ही सगळ्यांसमोर खेकसता, "हात नको लावू! घर जाय!" त्या रात्री स्वयंपाकघरात तुम्ही जांभळे हात मांडीवर ठेवून नुसते बसलात. भाकरी पांढरी राहावी म्हणून आईने तुम्हाला घास भरवले, आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी मात्र तुमच्या बोटांकडेच बघत होते.

आणि माझा धुळ्याच्या पॉलिटेक्निकला नंबर लागला तेव्हा? "आठे काय कमी शे? हातमा शे ते सोडू नको." इथे काय कमी आहे म्हणे! झालं, विषय संपला. मी रडून रडून डोळे सुजवले, तर तुम्ही शिलाई मशीन आणून दिलंत. नवंकोरं. तुमचा जीव होता माझ्यावर, ते काय मला कळत नव्हतं? त्याच मशीनवर साड्यांना लेस लावून मी ही पोर शिकवली. तरी राग आहे, नाना. अजून आहे.

थांबा, फोन वाजतोय.

कॉलेजचाच होता. पोरीच्या हातातून मीच घेतला आणि नको म्हणून सांगितलं. तुमच्या जावयांना कळलं की घर डोक्यावर घेतील. पोर पांढरीफटक पडली. "मम्मी, नंबर न लाग्यो तो?" तोंडातून निघून गेलं, "तुझे नाना असते, तर त्यांनीही हेच केलं असतं." तेवढ्यावर तिचा जीव भांड्यात पडला. स्वतःच उठून ताट वाढून घेतलं आणि आता तुमच्या फोटोसमोर बसून जेवते आहे.

हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, आणि तिच्या हाती लागायच्या आत मी तो फाडून टाकणार आहे. तुम्ही असं कधीच केलं नसतं, नाना. मला माहीत आहे. पण उद्या तिला जागा मिळाली नाही, तर ती माझ्या नावाने रडेल, हे मला सोसवलं नसतं, म्हणून मी तुमचं नाव पुढे केलं.