तिसरा दगड

गुरुजी, तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आणि आज मी तुमची एक चूक सांगायला बसलो आहे. खरं तर ती माझी आहे.

घाटंजीच्या वाटेवर, पडीत रानातले ते तीन उभे दगड. मिरगाच्या दिवसांत भल्या पहाटे तुम्ही आम्हाला पळसाखाली बसवायचात. दुसऱ्या आणि तिसऱ्या दगडाच्या फटीतून सूर्य वर येतो, तुम्ही वहीत तारीख लिहिता. "जुन्या लोकांचं पेरणीचं पंचांग आहे हे," तुम्ही म्हणता. एकदा मी तिसऱ्या दगडाला टेकलो, तर केवढे रागावलात. "तो काय बसायचा दगड आहे?" माझी शाळा संपली तेव्हा ती वही तुम्ही मलाच दिलीत. पुढे मी वार्ताहर झालो. गेल्या वर्षी पुरवणीचं पान भरायचं होतं, तेव्हा त्या वहीवरून लेख लिहून दिला.

कापसाचे हे दिवस असे आहेत की बियाण्यावर भरवसा नाही, आभाळावर नाही. मग लोक छापलेल्यावर ठेवतात. आमच्या शेजारच्या काकूची पेरणी गेल्या साली दोनदा वाळली. यंदा घरात एकच पिशवी बियाणं आहे. "उद्या फटीत सूर्य दिसला का मी पान्याची वाट न पाहता धूळपेरणी करून टाकतो," ती काल म्हणाली. "काहून भेतं रे बाबू? तूच तं लिहिलं."

भ्यालो म्हणूनच कोलामांच्या वस्तीवर, पोडावर गेलो. तिथला कोलाम म्हातारा बिडी विझवत म्हणाला, "दोन दगड आमच्या मेलेल्या मानसायचे. तिसरा आडवा व्हता, मातीले आलेल्यायनं टेकाले. कोन्या येड्यानं बसाची जागा उभी केली, तं काय मालूम."

मला मालूम आहे. तुम्ही गावात बदलून आलात, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आम्ही चौघांनी सब्बल घालून तो उभा केला. क्रिकेटला तीन स्टंप लागतात म्हणून.

उजाडायच्या आत काकूला थांबवायचं, म्हाताऱ्याचं बोलणं सांगायचं. दगड कोणी उभा केला, हे ती विचारेलच. तुम्हीही एकदा वर्गात विचारलं होतंत, "याला कोणी हात तर लावला नाही ना?" मी नाही म्हणून मान हलवली होती.

हे पत्र तुमच्या वहीतच ठेवतो. काकूला मी सांगणार आहे, पोरांनी केला असेल कुणीतरी.