जांभळ्या खुणेपायी गेलेला वर्ग

श्री बिरोबाची कृपा

मिशनचा दवाखाना, धोबीखान्यामागची खोली, कानडी मुलूख
मार्गशीर्ष, सन १९३६

तीर्थरूप तात्याबाकाकांच्या पायांवर बिरदेवानं डोकं ठेवलं आहे, आणि तुम्ही 'ऊठ' म्हणाल तोवर ते तिथंच राहील. तुमचा गुडघा थंडीनं धरतो का? चुलतीची खोकल्याची ढास थांबली का? मेंढरं किती व्याली, त्यातली किती तगली, हे सविस्तर कळवावं. माझं विचाराल तर अंग धड आहे. डोकं मात्र संतापानं ठणकतं आहे, आणि त्यावर या एवढ्या मोठ्या दवाखान्यात औषध नाही.

रंगूबाई आत्या गावभर सांगत फिरते म्हणे, की बिरदेव नर्सबायांच्या शाळेतून पळाला. (पत्र जोतीराम मास्तर वाचत असतील तर त्यांनी हे वाक्य जरा मोठ्यानं वाचावं, आत्या शेजारच्या भिंतीला कान लावून असणारच.) मी पळालो नाही. मला काढलं. पळणं वेगळं आणि काढणं वेगळं, एवढा फरक गावाला नीट समजावून सांगावा. याआधी मी पळालो आहे, ते नाकबूल करत नाही. भिगवणच्या ठेसनावर हमाली केली, तिथून पळालो. बारामतीच्या अडतीवर गुळाच्या ढेपा उचलल्या, तिथून पळालो. कालव्याच्या कामावरून तर जेवणाच्या सुट्टीतच पळालो, भाकरीसुद्धा तिथंच राहिली. पण इथं तसं झालं नाही. इथं पाय मोडलेला एक कानडी म्हातारा होता, त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं काम माझ्याकडं होतं. त्याचं बोलणं मला कळेना, माझं त्याला. अडीच महिन्यांनी तो माझ्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरला आणि बैलगाडीत बसला. त्या अडीच महिन्यांत पळून जावं असं माझ्या मनात एकदाही आलं नाही, तात्या. माझं मलाच नवल वाटलं.

आता काढलं कसं ते ऐका. नर्सिंगच्या वर्गात सगळ्यात मोठा देव म्हणजे चार्ट. प्रत्येक खाटेच्या पायाशी एक फळी, तिच्यावर कागद. रोग्याला औषध पाजलं की त्यावर वेळ लिहायची, औषधाचं नाव लिहायचं, खाली सही करायची, आकडे सगळे इंग्रजी. माझी शाळा तिसरीतच सुटली, ती कुणामुळं सुटली ते आज काढत नाही. (तुमच्यामुळंच. मेंढरांमागं माणूस हवा होता.) मला एक सही करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दुसरा गडी तीन रोगी पाजून मोकळा होतो. मेट्रनबाई, म्हणजे आमच्यावरची मोठी गोरी बाई, रोज माझा कागद उजेडात धरून बघायची आणि सुस्कारा टाकायची.

एका मंगळवारी सगळ्या वॉर्डाला पोट साफ करायचं औषध द्यायचं होतं. खाटा चोवीस, औषध एरंडेल, आणि पाजणारा मी एकटा. एरंडेलाची एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, ते एखाद्याला राहिलं तर निभतं, पण दोनदा गेलं तर त्याचे हाल कुत्रा खात नाही. मग मी काय करावं? आपण मेंढरांना औषध पाजतो तेव्हा काय करतो? नळीनं पाजलं की लगेच पाठीवर गेरूचा पट्टा ओढतो आणि सोडून देतो. दोनशे मेंढरं पाजली तरी एकाला दोनदा जात नाही. हे तुम्हीच मला शिकवलं, आणि तुमच्या शिकवणीत मला आजवर खोट दिसलेली नाही. इथं गेरू नव्हता. तोंड आलेल्या रोग्यांना लावायच्या जांभळ्या औषधाची बाटली होती. मी काडीला कापूस गुंडाळला आणि पाजला की ठिपका, पाजला की ठिपका, असं करत अर्ध्या तासात वॉर्ड संपवला. एकही राहिला नाही, एकालाही दोनदा गेलं नाही. कागद तेवढे कोरे राहिले. ते सावकाशीनं दुपारी भरणार होतो.

त्या चोवीस जणांत आपल्याच इंदापूर तालुक्यातले आबासाहेब होते, कालव्यावरचे बागाईतदार. त्यांची ओळख मी तुम्हाला करून द्यायला नको. इतक्या लांब ते अंतर्गळाचं ऑपरेशन करून घ्यायला आले होते, कारण इथल्या डॉक्टरसाहेबाचा हात हलका. त्यांना डोक्यावर ठिपका लागला होता, आणि त्यांचं डोकं म्हणजे कपाळापासून मानेपर्यंत एकच सरळ मैदान. नेमके त्याच दुपारी लोणी भापकरहून त्यांचे व्याही भेटायला आले. आबासाहेब मानानं उठून बसले आणि नमस्कार करायला मान लववली. व्याह्यांच्या घरी पूर्वी कळप होता. त्यांनी त्या डोक्याकडं नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "पाजून झालं वाटतं तुमाला. आता सोडायचं ऱ्हायलंय." सगळा वॉर्ड हसला. टाके ताजे असलेले रोगी पोट दाबून हसले, दोघांचे टाके सैल झाले, ते पापही माझ्याच नावावर लिहिलं.

आबासाहेबांनी तक्रार केली की या दवाखान्यात माणसाला मेंढरू समजतात. मी म्हणतो, समजत असते तर बरं झालं असतं. मेंढराची आपण जेवढी काळजी घेतो तेवढी माणसाची इथं मोहनराव तरी घेतो का? मोहनराव म्हणजे माझ्या वर्गातला पुण्याचा पोरगा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला, अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. तो काय करतो, तर सकाळी टेबलाशी बसून सगळे चार्ट आधीच भरून ठेवतो आणि मग पाजायला निघतो. त्यानं मागं सात नंबरच्या खाटेला एकाच दिवशी दोनदा एरंडेल पाजलं. तो बिचारा दोन दिवस खाटेवर कमी आणि परसाकडंच जास्त होता. पण कागद स्वच्छ, म्हणून मोहनराव पास.

आणि मी नापास. तिसऱ्याच दिवशी परीक्षा होती. मेट्रनबाईनं तोंडी विचारलं, रोग्याला औषध दिल्यावर पहिलं काम कोणतं? मी म्हटलं, खूण करणं. तिनं पुन्हा विचारलं, विचार करून सांग. मी विचार केला आणि पुन्हा तेच सांगितलं. तात्या, मला उत्तर माहीत होतं. पण त्या वेळी 'चार्ट लिहिणं' असं म्हणायला माझी जीभ वळेना. तिनं माझं नाव वर्गातून खोडलं आणि मला धोबीखान्यात टाकलं. तेव्हापासून चादरी उकळतो आहे.

इथं कौसल्या म्हणून एक शिकाऊ नर्स आहे, नगरकडची, तोंडानं फार फटकळ. ती मला म्हणाली, "मेंढरं बोलत न्हाईत म्हणून त्यास्नी रंग लावत्यात. माणसाला तोंड हाय की, इचारावं." मी म्हटलं, "मेंढरू बोलत न्हाय, पण खोटंबी बोलत न्हाय. इथं औषध घेतलं का म्हणून इचारलं तर चोवीसातले वीस व्हय म्हणत्यात, आणि उशीखाली गोळ्या सापडत्यात." ती फणकाऱ्यानं निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी ती धोबीखान्यात पाटी घेऊन आली, आणि तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत मला इंग्रजी आकडे गिरवायला लावते. आता माझा सात सातासारखा दिसतो. सही अजून मोठी येते, चौकटीबाहेर जाते, ती म्हणते हळूहळू आत येईल.

हे मेट्रनबाईला कळलं. तिनं मला बोलावून कोरा चार्ट पुढं टाकला आणि घड्याळ लावून भरायला सांगितला. मी भरला. तिनं उजेडात धरला, या खेपेला सुस्कारा नाही टाकला. म्हणाली, नवा वर्ग एक फेब्रुवारीला सुरू होतो, त्यात घेईन, पण आबासाहेबांच्या हातचं पत्र हवं की त्यांची आता तक्रार नाही. म्हणजे ज्यानं माझं नाव घालवलं त्याच्याच दारात मी हात पसरायचा. हा कुठला न्याय आहे, हे जोतीराम मास्तरांना विचारून कळवावं.

असो. मी कुणाचं वाईट चिंतलं नाही, काम सोपं व्हावं एवढाच माझा हेतू होता, हे तुम्हाला तरी पटेल. चुलतीला दंडवत, लहानांना गोड पापा. माझी कसली काळजी करू नये आणि माझ्यापायी कसलीही तोशीस घेऊ नये.

तुमचा पुतण्या,
बिरदेव

ता. क. — तोशीस एकच. आबासाहेबांना मी दोन पत्रं घातली, उत्तर नाही. तिसऱ्या पत्रात लिहिलं, की उसाच्या लागणीआधी तात्याबा आपली मेंढरं तुमच्या शेतात खतासाठी आठ मुक्काम बसवतील आणि धान्याचा एक दाणा मागणार नाहीत. परत टपालानं उत्तर आलं, की आठवा मुक्काम झाला की पत्र देतो. तुम्हाला विचारून लिहायला हवं होतं, पण टपालाला चार दिवस लागतात आणि रागाला थांबवत नाही. त्यांचा माणूस बोलवायला आला तर हे सगळं आधीच ठरलं होतं असं तोंड ठेवावं. आठव्या मुक्कामाला पत्र हातात घेतल्याशिवाय मेंढरांभोवतीचं वाघरीचं जाळं गुंडाळू नये.

आणखी ता. क. — वर हेतूबद्दल लिहिलं ते तेवीस जणांपुरतं खरं आहे. त्या तेवीस जणांना मी मनगटावर ठिपका लावला होता. आबासाहेबांना एकट्यांनाच डोक्यावर. मेट्रनबाईला सांगितलं की त्यांचे हात पांघरुणात होते. हात बाहेर होते. त्या सकाळी ते शेजारच्या रोग्याला हसून हसून सांगत होते, की गेल्या साली त्यांनी बांधावरून तात्याबा नावाच्या एका धनगराची मेंढरं हाकून कोंडवाड्यात घातली, आणि तो म्हातारा दोन दिवस उपाशी त्यांच्या दारात बसून होता. मी त्याचाच पुतण्या, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तुम्ही हे घरात कुणाला सांगितलं नाही, म्हणून मलाही तिथंच कळलं. मग काडी मनगटाकडं जाईना. तेव्हा त्यांच्या शेतात मेंढरं न्यायची का नाही, हे तुमचं तुम्ही ठरवावं. नाही गेलात तर माझा एक शब्द नाही, चादरी उकळायला माणूस लागतोच. जायचं ठरवलंत तर मात्र वीस जानेवारीच्या आत जावं, कारण आठ मुक्काम आणि वर पत्र यायला चार दिवस धरावे लागतात.